आवाज कुणाचाही, बोट आपलं

झाशीचा मुलगा शिस्तीवर लिहितोय असं कळल्याबरोबर तुम्ही ताठ बसला असाल. आता घोडा येणार, तलवार येणार, बुरुजावरून कुणीतरी उडी टाकणार. तर नाही येणार. आमच्याकडे घोडा फक्त वरातीत दिसतो आणि तोसुद्धा डीजेला घाबरलेला असतो. बरं, तलवार नाही तर निदान पहाटे उठून गार पाण्यानं आंघोळ करणारा, मैदानाला चकरा मारणारा एखादा गुणी मुलगा? तोही नाही. पहाटे मी कूस बदलतो, तेवढाच माझा व्यायाम. तुम्हाला हवा असलेला मुलगा आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचा. त्याच्यावर लिहायला दुसरं कुणीतरी बघा.

मी नकला करायचो. दूधवाला, भाजीवाली, बातम्या देणारी बाई, प्लॅटफॉर्मवरचा चहावाला, सगळे माझ्या घशात भाड्यानं राहायचे. शाळेत एकदा प्रार्थनेच्या रांगेत मी प्रिन्सिपल सरांच्या आवाजात "सावधान!" म्हणालो, तर अख्खी शाळा सावधान झाली. खुद्द प्रिन्सिपल सरही. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण तर बोललोच नाही. पुढचं सांगत नाही, पण तेव्हापासून माझा डावा कान उजव्यापेक्षा थोडा लांब आहे असं आई म्हणते.

नकलेचा एक फायदा असतो. तिला मेहनत लागत नाही. एकदा ऐकलं, एकदा काढलं, लोक हसले, संपलं. त्यामुळे मला सगळंच तसं वाटायचं. गिटार आणली, पहिली तार तुटली तशी ठेवून दिली. टायपिंगच्या क्लासला गेलो, तर मशीनपेक्षा क्लासवाल्या सरांची नक्कल आधी तयार झाली आणि सरांनी ती बघितली. कॉलनीत माझ्याबद्दल एक वाक्य ठरलेलं होतं, "लड़का होशियार है, बस टिकता नहीं है." हे वाक्यही मी चार जणांच्या आवाजात म्हणून दाखवायचो.

आता बाबा. माझे बाबा मालगाडी चालवतात. इंजिनात दोघं असतात, एक चालवणारा आणि एक त्याचा जोडीदार. त्यांच्या कामाचा एक नियम आहे. समोर सिग्नल दिसला की चालवणाऱ्यानं हात वर करून बोट दाखवायचं आणि मोठ्यानं रंग म्हणायचा. जोडीदारानंही स्वतः बघून, हात वर करून तोच रंग मोठ्यानं म्हणायचा. दोघांना दिसतंय, दोघंही जागे आहेत, तरी म्हणायचंच. रोज, प्रत्येक सिग्नलला. का, तर डोळा बघतो पण मन दुसरीकडे असतं. तोंडानं म्हटलं आणि बोट दाखवलं की मनाला यावंच लागतं.

कामावरचा नियम कामावर राहिला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण बाबांनी तो घरी आणला. घराबाहेर पडताना दारात उभं राहून बाबा म्हणणार, "गॅस?" आई स्वयंपाकघरात जाऊन बटणाला बोट लावून म्हणणार, "बंद!" "नळ?" "बंद!" "मागची कडी?" "लागली!" आम्ही फक्त कोपऱ्यावर भाजी आणायला निघालेलो असायचो. बघणाऱ्याला वाटावं, हे कुटुंब घर घेऊनच बीना जंक्शनपर्यंत जाणार आहे.

स्कूटरवर तर कहर. इलाइट चौराह्यावर दिवा लाल झाला की बाबांचा हात आपोआप वर. "लाल!" आणि मागं बसलेली आई, पिशवी सांभाळत, हात वर करून, "लाल!" मधे चेपलेला मी तोंड लपवायला जागा शोधायचो. एकदा तिथल्या ट्रॅफिक हवालदाराला वाटलं, ही बोटं आपल्यालाच. तो शिट्टी वाजवत आला.

"काय भाईसाहब, उँगली किसको दिखा रहे हो?"

"आपको नहीं जी, सिग्नल को."

"सिग्नल को क्यों? वो कहीं भागा जा रहा है?"

बाबा त्याला नियम समजावून सांगायला लागले. नेमका तेवढ्यात दिवा बदलला आणि मागून आई ओरडली, "हिरवा!" हवालदार दचकून बाजूला झाला. आम्ही निघालो. ही नक्कल मी पुढे कित्येक वर्षं तिन्ही आवाजांत करत आलो, शिट्टीसकट.

मोठा झालो तसं घरात माझ्या वाट्याला बॅग आली. ड्यूटीचा फोन कधीही यायचा. मग बाबा गणवेश घालत आतून विचारायचे आणि मी बाहेर त्यांची काळी बॅग भरायची. टॉर्च, लाल-हिरवे झेंडे, डबा, पाणी, चादर आणि चष्मे दोन. एक फुटला तर दुसरा हवा म्हणून नियमानं दोन. मी पलंगावर लोळत उत्तरं द्यायचो.

"टॉर्च?"

"आहे."

"चष्मा?"

"आहे."

"दुसरा?"

"तोही आहे."

"बोट कुठंय?"

बोट मोबाइलवर होतं. बाबा बाहेर आले, बॅगेतून चष्म्याची डबी काढली आणि माझ्यासमोर उघडली. रिकामी. चष्मा त्यांनी आधीच काढून स्वतःच्या खिशात ठेवला होता.

"आहे म्हणालास."

"डबी आहे."

"मग डबी घालून सिग्नल बघू मी?"

त्या दिवसापासून डबी उघडायची, चष्म्याच्या दांडीला बोट लावायचं, मगच "आहे" म्हणायचं. मला इतका वैताग आला की मी सूड घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या वेळी टॉर्चला "आहे" म्हणालो प्रिन्सिपल सरांच्या आवाजात. झेंड्यांना भाजीवालीच्या. डब्याला बातम्या देणाऱ्या बाईच्या, "आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार डबा बॅगेत आहे." आई हसत हसत पोळपाट सोडून खाली बसली. मी वाट बघत होतो की आता बाबा चिडणार.

बाबा बुटाची नाडी बांधत म्हणाले, "आवाज कुणाचाही काढ. बोट लाव."

बस. सूड फसला. पण खेळ सुरू झाला. बॅग रोज भरायचीच होती, मग प्रत्येक वस्तूला एक आवाज ठरला. मला वाटायचं मी बाबांची गंमत करतोय. बाबांना काय वाटत होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बॅग मात्र नीट भरली जायची.

आता नाटकाकडे येतो.

झाशीत आम्ही मराठी लोक मूठभर. काही जुनी इथलीच झालेली घरं, काही रेल्वेवाले, काही छावणीतले आणि शेजारच्या बबीन्याचे फौजी. आम्ही मुलं बाहेर हिंदीत भांडतो, घरी मराठीत ओरडा खातो. त्यामुळे आमची मराठी ओरडा खाण्यापुरती चांगली असते. गणपतीत मात्र मंडळाच्या हॉलमध्ये एक संध्याकाळ पूर्ण मराठी नाटक व्हायचं. ते बसवायच्या बाई. बाई म्हणजे जुन्या घरातल्या, शाळेतून रिटायर झालेल्या. अर्ध्या कॉलनीला त्यांनीच शिकवलेलं, म्हणून सगळ्यांच्या त्या बाईच. अजून कपाटाला फडताळ म्हणायच्या आणि आम्ही हसलो की आम्हालाच त्या फडताळात कोंडायची धमकी द्यायच्या. नाटकही त्या स्वतःच लिहायच्या.

त्या वर्षी त्यांनी लिहिलं होतं एका वऱ्हाडावर. गाडी लेट, वेटिंग रूममध्ये सामानाचा ढीग आणि त्या ढिगाभोवती पाच माणसं. मुलीचे वडील, एक रिटायर सुभेदार, एक खादाड मामा, एक आत्याबाई आणि चहा आणणारा वेटर. वेटर मी. मला दोन वाक्यं होती. "चाय लाऊँ?" आणि "खतम हो गई." तीही हिंदीत. बाईंचा माझ्यावर विश्वास तेवढाच.

दुसऱ्या गावात नट आजारी पडतात. आमच्या मंडळात त्यांची बदली होते. आधी सुभेदार गेला. तो बबीन्याच्या फौजेतला खरा हवालदार होता, पलटणीबरोबर हलला. मग मामा गेला. तो रेल्वेच्या अकाउंट्समध्ये होता, त्याला भुसावळ मिळालं. जाताना गडबडीत नाटकाची पगडीही त्याच्या सामानात गेली. आणि गणपती तोंडावर असताना आत्याबाई, छावणीतल्या एक वहिनी, तालमीला आल्या त्याच रडवेल्या चेहऱ्यानं. त्यांच्या घरी खोक्यांवर नवा पत्ता घालूनही झाला होता.

उरले कोण? मुलीचे वडील आणि वेटर. वडिलांचं काम करणारे काका बँकेत कॅशियर होते. इथंच घर बांधलेलं, त्यांची बदली व्हायची भीती नव्हती. मोठे सज्जन आणि घाबरट. वर्षभर ग्राहकांशी खिडकीतून बोललेले, स्टेजवर समोर उघडं माणूस दिसलं की त्यांना घाम फुटायचा.

त्या संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष हॉलमध्ये आले. म्हणाले, "बाई, आता नाद सोडा. ग्वाल्हेरचा ऑर्केस्ट्रा मिळतोय. तरुण पोरांनाही तेच हवंय."

"या वर्षापुरतं ना?" बाईंनी विचारलं.

अध्यक्ष खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हिंदी गाणी म्हटली की हॉल भरतो हो. एकदा बसलं की तेच चालू राहील ना मग."

ते गेले. बाई खुर्चीत बसून राहिल्या. हातात नाटकाचे कागद, नजर सामानाच्या ढिगावर. मी बाईंना कधी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. मला ती शांतता सहन होईना आणि मला सहन झालं नाही की माझं तोंड सुटतं. मी उठलो, ढिगामागं गेलो आणि सुभेदाराच्या आवाजात ओरडलो, "कोण म्हणतं गाडी येणार नाही? गाडीचा बाप येईल!" लगेच पलीकडून मामाच्या आवाजात, "बाप नको, जेवणाचा डबा आला तरी पुरे." आणि मधून आत्याबाई, "मेल्यांनो, माझ्या बेडिंगवरून पाय काढा आधी!" तिघांच्या तालमी बघून बघून सगळं नाटक मला पाठ झालं होतं. कॅशियर काका खो खो हसले.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणालो. या वेळी मामात थोडा दूधवाला मिसळला.

"पुन्हा."

तिसऱ्या वेळी आत्याबाईंना सुभेदाराचा खोकला झाला. काका हसायचे थांबले होते.

"बघ," बाई म्हणाल्या, "एकदा हसवणं म्हणजे फटाका. नाटक म्हणजे चूल. रोज पेटली पाहिजे. तुला जमेल का रे? की तूही बदली घेणार आहेस?"

"मी कुठं जाणार बाई? मला तर कुणी नोकरीच देत नाही."

"मग ढिगामागून चारही तूच. डोक्यावरचं बदलायचं आणि वर यायचं. पण चारही माणसं चार दिसली पाहिजेत. एकही भेसळ झाली, तर मीच अध्यक्षांकडे जाऊन ऑर्केस्ट्रा आणा म्हणून सांगेन."

घरी आलो तेव्हाही मी चौघांना आळीपाळीनं बोलवून बघत होतो. भेसळ का होते तेच कळत नव्हतं. आवाज सगळे येत होते, पण एकातून दुसऱ्यात जाताना पाय घसरत होता. तेवढ्यात ड्यूटीचा फोन आला आणि बाबा आतून म्हणाले, "टॉर्च?"

मी सवयीनं टॉर्चला बोट लावलं आणि प्रिन्सिपल सरांच्या आवाजात "आहे" म्हणालो. झेंड्यांना बोट, भाजीवाली. डब्याला बोट, बातम्या. आणि हात तसाच राहिला. अरे, इथं तर कधीच भेसळ होत नाही! टॉर्चला हात लागला की भाजीवाली यायची म्हटली तरी येत नाही.

"झोपला का रे?" बाबा म्हणाले. "दुसरा चष्मा?"

त्या दिवसापासून बॅगेतले जुने भाडेकरू काढून नवे ठेवले. टॉर्चला सुभेदार. झेंड्यांना मामा, कारण झेंड्यांची गुंडाळी त्याच्या पोटासारखी होती. चष्म्याला आत्याबाई. पाण्याच्या बाटलीला वेटर. बाबांची बॅग भरणं ही माझी तालीम झाली. बाबा ड्यूटीवर नसले की घरातल्या वस्तू. नळ बंद करताना सुभेदार, कडी लावताना आत्याबाई. आईनं एकदा गॅसला बोट लावून आत्याबाईंच्या आवाजात "बंद!" म्हटलं, तेव्हा कळलं की हा रोग पसरतो आहे. स्टेजसाठी मी चार गोष्टी ठरवल्या आणि ढिगामागं डावीकडून उजवीकडे मांडल्या. सुभेदाराची कानटोपी, मामाची पगडी, आत्याबाईंची शाल, वेटरचा टॉवेल. पगडी भुसावळला गेल्यामुळे माणिक चौकात शोधाशोध केली, पण तिथं मिळतात नवरदेवाचे साफे. म्हणून आमच्या मामाच्या डोक्यावर जरीचा, तुरेवाला नवरदेवाचा साफा आला. बाई म्हणाल्या, "असू दे. खादाड माणूस आहे, नवरदेवाच्या आधी तोच जेवायला बसणार."

नियम एकच. वस्तूला बोट लागल्याशिवाय आवाज काढायचा नाही. बोट, वस्तू डोक्यावर, मग आवाज. हळूहळू असं झालं की विचार करावा लागेना. बोट पोचलं की माणूस हजर. बाई रोज "पुन्हा" म्हणायच्या आणि रोज तेच चौघं ढिगामागून निघायचे. हे मला स्वतःलाच नवीन होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी काल होतं तसंच आज होतं.

नाटकाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत अध्यक्ष, मागं बायका-मुलं, अगदी शेवटी आई आणि बाबा. बाबांची बॅग पायाशी, कारण फोन केव्हाही आला असता. उकाडा असा की गणपतीसमोरच्या दूर्वासुद्धा मान टाकून होत्या. पडदा उघडला. कॅशियर काकांनी घाम पुसत पहिलं वाक्य म्हटलं आणि मी कानटोपी घालून ट्रंकेमागून वर आलो.

लोक हसले. मी खाली गेलो, साफा, दुसऱ्या टोकाला वर. अजून हसले. शाल, मधून वर. आता टाळ्या. मागून एक मुलगा ओरडला, "अरे, कितने लोग हैं उधर?" मला वाटलं जिंकलो. आणि सुभेदार मामाला झापत असताना, ऐन रंगात, लाईट गेली.

आमच्याकडे लाईट जाणं ही बातमी नाही. जनरेटर होता. तंबूवाला समथर गावचा, त्यानंच आणला होता. अंधारात त्याचा आवाज आला, "भैया, डीजल नइयां." डिझेल नाही. मागून कुणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाजही ऐकू आला.

दोन-चार मोबाइल लुकलुकले. मुलं ओरडायला लागली. पहिल्या रांगेत खुर्ची सरकली आणि अध्यक्षांचा घसा साफ झाला. "मंडळी, तांत्रिक कारणामुळे आपल्याला नाटक इथंच..."

एकदा त्यांचं वाक्य पुरं झालं असतं तर संपलं होतं. लोक उठले असते आणि नाटक कायमचं गेलं असतं. ढिगामागं अंधारात माझा हात चाचपडला. लोकर लागली. कानटोपी. आणि सुभेदार गरजला, "कोण उभं राहिलंय रे तिकडे? गाडी येईपर्यंत कुणी हलायचं नाही! बसा खाली!"

खुर्ची परत सरकली. अध्यक्ष बसले होते.

हॉलमध्ये असा हशा उसळला की छताचे पंखे फिरायचे बाकी होते. त्या हशावरून बाईंचा शाळेतला आवाज आला, "मोबाइल बंद करा सगळ्यांनी! नाटक चालू आहे." अर्धा हॉल त्यांचा विद्यार्थी. पटापट दिवे विझले. आता पूर्ण काळोख.

कॅशियर काकांना अंधारात लोक दिसेनात, तसा त्यांचा घामच गेला. खिडकीमागं बसल्यासारखे ते खडखडीत बोलायला लागले. मी इकडे एकामागून एक आवाज काढतोय. खरं सांगतो, माझं डोकं मला म्हणालं, वेड्या, आता टोपी कशाला बदलतोस? कोण बघतंय? बस एका ट्रंकेवर आरामात आणि बोल. मी प्रयत्नही केला. साफ्याला हात न लावता मामाचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच येईना. बोट जाऊन जरीला लागलं आणि मामा धावत आला. मग नाद सोडला. अंधारात प्रत्येक वेळी वस्तूला बोट, वस्तू डोक्यावर, आपापल्या जागी वर येणं, सगळं तसंच, कुणालाही दिसत नसताना. पुढच्या रांगेतलं एक लहान पोर आईला विचारत होतं, "मम्मी, वो मोटे वाले मामा भी अंधेरे में हैं?" आई म्हणाली, "हाँ, सब हैं."

आणि मी तर सुटलोच. आत्याबाई म्हणाल्या, "तिकीट गाडीचं काढलं होतं, इथं तर गाडीही गेली आणि दिवेही गेले!" हे नाटकात नव्हतं. मामा म्हणाला, "अंधारात खाल्लेलं अंगाला लागत नाही म्हणतात, मग अजून एक लाडू द्या." हेही नव्हतं. हॉल खिदळत होता.

मग आत्याबाईंचं मोठं बोलणं आलं. मुलीच्या वडिलांना धीर देतात ते. ते बाईंनी लिहिलं होतं तसंच म्हणत होतो. हॉल शांत झाला होता, कुणाचीतरी बांगडी वाजलेली ऐकू येत होती. आणि निम्म्या वाक्यात, झपकन, लाईट आली.

सगळ्यांच्या नजरा एकदम ढिगाकडे. मला कळत होतं ते काय बघायला टपले होते. एक पोरगा घामाघूम, केस विस्कटलेले, हातात टोप्यांचा बोळा घेऊन पकडला जाणार. आणि समोर होत्या आत्याबाई. बेडिंगच्या मागं, आपल्या जागेवर, डोक्यावरून शाल नीट घेतलेली, एक हात गालाला. मी थांबलोही नाही. वाक्याचा दुसरा निम्मा भाग उजेडात पूर्ण केला.

टाळी लगेच आली नाही. आधी एक "हाँ!" असा आवाज फिरला सगळ्या हॉलमधून, जणू जादूगारानं मोकळी पेटी उघडून दाखवली. आणि मग जी टाळी आली ती पडदा पडेपर्यंत माझ्या छातीत वाजत होती. मागच्या रांगेत बाबा उभे होते. टाळ्या वाजवत नव्हते. उजवा हात सरळ वर, एक बोट माझ्याकडे. शेजारच्या काकांना वाटलं त्यांना बाहेर जायचंय, ते पाय आवरून वाट करून देत होते.

नाटक संपल्यावर अध्यक्ष माइकवर आले. सुभेदारानं झापल्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हता. म्हणाले, "पुढच्या वर्षीही या दिवशी बाईंचंच नाटक. आणि जनरेटरचं डिझेल माझ्याकडून." लोकांनी शिट्ट्या मारल्या. कॉलनीतल्या ज्या काकांनी "टिकता नहीं है" हे वाक्य बनवलं होतं, त्यांनी माझी पाठ थोपटली, इतक्या जोरात की मी दोन पावलं पुढे गेलो. मी तरंगत होतो. मला वाटलं, आता बाई येणार, डोळ्यांत पाणी, डोक्यावर हात.

बाई आल्या. कान धरला. तोच, लांब असलेला.

"अंधारात ती वाक्यं कुणाची रे?"

"बाई, नाटक वाचवायला..."

"सुभेदाराचं ते एक वाचवायला होतं. ते मी तुला माफ केलं. पुढची दोन? तिकीट काय, लाडू काय? नाटक वाचलं होतं ना तोवर?"

"लोक हसले बाई."

"लोक कुणी पाय घसरून पडलं तरी हसतात. म्हणून मी काय केळीची सालं पसरू स्टेजवर? त्या लाडवाच्या पाठोपाठ कॅशियरचं वाक्य होतं. 'मुलगी सासरी निघाली की बापाला सगळ्याच गाड्या वेळेवर वाटतात.' बिचारा दोन महिने आरशासमोर म्हणत होता ते. आज पहिल्यांदा न अडखळता म्हणाला. कुणाला ऐकू गेलं? तुझ्या लाडवाच्या हशात वाहून गेलं."

मी बघितलं. काका एका ट्रंकेवर बसून चहा पीत होते. कुणी जवळ आलं की आनंदानं सांगत होते, "अंधेरे में हम एक बार भी नहीं अटके जी."

"बघ, त्याला अजून कळलेलंही नाही," बाई म्हणाल्या. "चार माणसांचे आवाज काढलेस, फार छान. पाचव्याचा ऐकलास का? उद्या सकाळी हॉलवर ये. ते पान पुन्हा करायचं, त्याच्यासाठी, नीट, त्याच्या वाक्याला जागा सोडून. आणि आत्ता आधी जाऊन त्याच्या पाया पड. जा. दात काढू नकोस मेल्या, मी खरंच रागावलेय."